लोखंडी खुर्चीवरचं बोलणं

अप्पांना फसवलं ते आमच्या मिरची व्यापारी मंडळाच्या अध्यक्षांनी. कॉलनीवाल्यांनी नाही, मजुरांनी नाही, अध्यक्षांनी. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण गावात आता उलटंच बोललं जातं. अप्पांचं नाव निघालं की लोक मान हलवतात आणि म्हणतात, म्हातारपणी फिरले बिचारे. ते फिरले नव्हते. त्यांना फिरवलं गेलं, आणि ज्याने फिरवलं तो आजही लिलावाला पहिल्या रांगेत उभा राहून बोली लावतो.

मी रनाळ्याहून नंदुरबारला आलो तेव्हा माझ्याजवळ एक वजनकाटा होता आणि भांडायची तयारी होती. मिरचीच्या धंद्यात दोन्ही लागतं. बाकी सगळं मी मिळवलं, कोणी दिलं नाही. अप्पांच्या घराची रस्त्याकडची खोली मला दुकानासाठी भाड्याने मिळाली, आणि तिच्यापुढचा ओटा न मागता मिळाला. तो ओटा म्हणजेच अप्पांचं घर. चांगली शेती, कर्ते मुलगे, मागे मोठं अंगण. पण अप्पा सकाळी आंघोळ करून ओट्यावर यायचे ते दिवेलागणीलाच आत जायचे. तरुणपणी वकिली शिकायला गेले होते. वडील आजारी पडले, शेतीकडे बघायला कोणी नव्हतं, म्हणून अर्ध्यातून परत आले. राहिलेली वकिली त्यांनी ओट्यावर पूर्ण केली. फी न घेता, आणि बहुतेक वेळा विरोधी पक्षाच्या वतीने.

ओट्यावर एक बाज होती आणि एक लोखंडी खुर्ची, कुठल्या तरी लग्नाच्या मांडवातून आलेली आणि परत न गेलेली. अप्पा बाजेवर बसले की स्वतःचं बोलायचे. ज्याच्याशी त्यांचं अजिबात पटत नाही अशा माणसाचं बोलायचं झालं की उठून लोखंडी खुर्चीवर बसायचे. आधी नेहमी खुर्ची, मग बाज. खुर्चीवर बसून ते विरोधकाची बाजू अशी मांडायचे की विरोधक तिथे असता तर त्याने हात जोडले असते. मग गुडघ्यांवर हात टेकून उठायचे, बाजेवर यायचे, मांडी घालायचे आणि त्यांच्या अहिराणीत म्हणायचे, "आते मन्हं," म्हणजे आता माझं. आणि मघाशी स्वतःच विणलेलं सगळं धागा धागा उसवायला घ्यायचे. नवा माणूस मध्येच आला तर गोंधळायचा. आम्हाला सवय होती. अप्पा कशावर बसलेत ते आधी बघायचं, मग ऐकायचं.

माझी आणि त्यांची खरी ओळख भाड्यावरून झाली. दोन-तीन हंगाम झाल्यावर ते म्हणाले, भाडं वाढवावं लागेल. मी तयारीतच होतो. पत्रे गळतात, गटार तुंबतं, शटर अडकतं, सगळं तोंडपाठ. मी तोंड उघडणार तोच अप्पांनी हात वर केला.

"तुन्ही बाजू माले माहीत शे. मन्ही बाजू तू सांग."

आणि खुर्चीकडे बोट केलं. मी बसलो. मी सौदे करणारा माणूस. कोणाचीही बाजू दिली तरी ती हलकी मांडणं मला जमत नाही, जीभच ऐकत नाही. मी सांगितलं, रस्ता पक्का झाला, गिऱ्हाईक वाढलं, भाडेकरूने ओट्यावर पोती रचून अर्धा ओटा खाल्ला, घरातली माणसं दिवसभर शिंकतात, सुनेने वाळत घातलेल्या लुगड्यांना तिखट लागतं. अप्पा डोळे मिटून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "बरं बोलना तू. इतलं तर मालेबी सुचनं नव्हतं."

त्यांच्या मनात होतं त्यापेक्षा जास्त भाडं माझ्याच तोंडून ठरलं. मी संतापून उठलो, दुकानात जाऊन दोन पोती उगाच इकडची तिकडे आदळली. पण दिलं भाडं. माझ्याच बोलण्यातली चूक मला सापडेना.

वर्तमानपत्रांच्या बाबतीतही त्यांचं असंच होतं. त्यांच्या घरातली मतं पिढ्यान्‌पिढ्या ज्या पक्षाला जायची, त्या पक्षाच्या बाजूचं वर्तमानपत्र घरात यायचं. ते अप्पा घडी न मोडता समोरच्या भजीवाल्याला देऊन टाकायचे. "ह्यामा काय शे ते माले माहीत शे," म्हणायचे. आणि ज्या वर्तमानपत्राचा घरात कोणाला वास सहन व्हायचा नाही, ते मात्र खुर्चीवर बसून पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचायचे. मोठ्याने, आणि अगदी मनापासून, जणू स्वतःच लिहिलंय. निवडणुकीत प्रत्येक पक्षाचा कार्यकर्ता त्यांना दुसऱ्या पक्षाचा समजायचा. नवापूरकडचा एक पाळक बाजाराला आला की त्यांच्यासाठी धर्माच्या पुस्तिका ठेवून जायचा. अप्पा रोज पूजा करणारे. पूजा आटोपली, गंध वाळलं की तीच पुस्तिका हातात. सून एकदा बोललीच, "अप्पा, लोके काय म्हनतीन?"

"बेटा, मन्हा देव इतला कच्चा शे का, पुस्तक देखीसन पळी जाई?"

मला हे पटायचं नाही. आजही पूर्ण पटलंय असं म्हणणार नाही. मी म्हणायचो, "अप्पा, जो आपल्याला पाडायलाच लिहितो, त्याचं वाचायचं कशाला? मिरची विकणारा बोलतो त्यावर मी माल घेतो का? मी मूठ भरून दाबतो. ओली असली तर हाताला कळतं. विकणाऱ्याचं बोलणं म्हणजे नुसता वारा."

"मूठ दाबस, बरं करस," अप्पा म्हणाले. "पन तो वारा कोनी बाजूथून वाही ऱ्हायना, ते देखस का? तो बोलना 'वाळेल शे, वाळेल शे.' 'सडेल नही' हाई का बरं नही बोलना?"

दुसऱ्या दिवशी लिलावात एकाने 'रंग बघा शेठ, रंग बघा' असा धोशा लावला तेव्हा मी पोत्याच्या तळात हात घातला. तळात बुरशी होती. तेव्हापासून मी विकणाऱ्याचं बोलणं पूर्ण ऐकतो. तो कशाबद्दल बोलत नाही तेवढं लक्षात ठेवतो. त्या एका सवयीने मला जेवढा माल वाचवून दिला तेवढा कुठल्या यंत्राने दिला नसेल. पण हे मी अप्पांना कधी सांगितलं नाही. त्यांनी तेही वापरलं असतं माझ्याविरुद्ध.

त्यांच्याविरुद्ध माझ्याकडेही एक गोष्ट होती आणि ती मी दर थंडीत काढायचो. गुडघ्यांवरच्या तेलाचं एक पत्रक कोणीतरी ओट्यावर टाकून गेलं होतं. अप्पांचा असल्या औषधांवर काडीचा विश्वास नाही, म्हणून रीतीप्रमाणे ते खुर्चीवर बसले आणि तेलाची बाजू मांडायला लागले. अशी मांडली, अशी मांडली, की भजीवाल्याने जागेवर दोन बाटल्या मागवल्या आणि एक अप्पांनी ठेवून घेतली. त्या दिवशी ते बाजेवर आलेच नाहीत. आठवड्याने दोन्ही गुडघ्यांवर फोड. मी म्हणालो, "काय अप्पा, वाचा वैऱ्याचं!"

अप्पांनी फोडांना खोबरेल लावत मला शांतपणे सांगितलं, "वाचं म्हनीसन नही व्हयनं हाई. अर्धामा उठनू म्हनीसन व्हयनं."

आता मूळ गोष्टीकडे येतो.

आमच्याकडे पथारी म्हणजे मिरची वाळवायचं मैदान. लिलावात घेतलेली ओली लाल मिरची तिथे पसरायची, उलटायची, देठ खुडायचे, वाळली की पोती भरून गाडीत चढवायची. देठ खुडायला सातपुड्यातल्या बाया येतात, मोलगीकडच्या जास्त. हंगामभर पथारीच्या कडेलाच झोपड्या बांधून राहतात. दुपारी त्या अप्पांच्या ओट्यावर पाणी प्यायला यायच्या. अप्पा रोज सकाळी स्वतः रांजण भरायचे आणि त्यावर ओलं फडकं टाकायचे. बाया पाणी प्यायच्या, हातातल्या तिखटावर पाणी ओतून घ्यायच्या आणि जायच्या. त्यांच्यात सोनीबाई म्हणून एक होती, जरा वयाची, सगळ्यांच्या वतीने बोलणारी. "अप्पा, तुमचं पाणी गोड, तुमचा शेठ खारा," असं माझ्यासमोर म्हणायची. मी रागावलो की बाया हसायच्या.

पथारीनंतर तिच्या शेजारी कॉलनी झाली. प्लॉट घेताना या लोकांना मिरची दिसली नव्हती का, हा माझा साधा प्रश्न. पण राहायला आल्यावर त्यांना खोकला सुरू झाला आणि त्यांनी छापील पत्रक काढलं. 'मिरची पथारी तात्काळ हटवा.' चार पानं. मंडळाच्या बैठकीत ठरलं, हे पत्रक कोणी वाचायचं नाही, वाचणं म्हणजे त्याला किंमत देणं. अध्यक्षांनी स्वतः सगळ्यांसमोर फाडलं. मीही टाळ्या वाजवल्या. मला ते बरोबरच वाटलं होतं.

अप्पांनी अर्थातच पत्रक मिळवलं. मी दुकान उघडायच्या आत ते खुर्चीवर बसून वाचत होते.

"फालतू शे," ते म्हणाले. "मिरचीमुळे प्लॉटना भाव पडना, मिरचीमुळे पाव्हना येत नहीत, मिरचीमुळे झाडे वाळनात. हाई सगळं त्यास्नं रडगानं. पन आखरीमा एक वळ शे, ती वाच."

शेवटच्या पानावर अगदी तळाशी, सह्यांच्या वर, एक ओळ होती. पथारीलगतच्या अंगणवाडीतील बालकांच्या आरोग्याचाही विचार व्हावा.

"ही तर त्यांनी शोभेला टाकलीय," मी म्हणालो. "त्या अंगणवाडीत त्यांची पोरं जात नाहीत. आमच्या मजुरांची जातात."

"हां," अप्पा म्हणाले. "मंग ती कोनी वाचाले जोयजे?"

त्या दुपारी ते छत्री घेऊन अंगणवाडीच्या पायरीवर जाऊन बसले. पोती भरायची वेळ होती, वारा पथारीकडून. परत आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते आणि त्यांना बोलता येत नव्हतं. रांजणातलं पाणी डोळ्यांवर मारून मारून शेवटी म्हणाले, ज्या बाया देठ खुडतात त्यांचीच लेकरं आत खोकताहेत, आणि आईला वाटतं सर्दी झाली. वैऱ्याने लिहिलं नसतं तर आपल्याला कळलं नसतं. मी त्याच दिवशी माझ्या माणसांना सांगितलं, पोती भरायचं काम सकाळी लवकर, वारा सुटायच्या आधी. काम तेवढंच होतं, फक्त वेळ बदलली.

अप्पा तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी एक तोड काढली. पथारी हलणार नाहीत. पण सगळे व्यापारी पोती सकाळीच भरतील, आणि अंगणवाडीला लागून असलेली जागा मोकळी सोडतील. हे मान्य केलं तर कॉलनीवाल्यांच्या पत्रकातला एकमेव खरा मुद्दा संपतो आणि उरलेलं रडगाणं कोणी ऐकणार नाही. तोड चांगली होती. अडचण एकच होती. अंगणवाडीला लागून असलेली जागा अध्यक्षांची होती.

अध्यक्ष स्वतः ओट्यावर आले. एरवी कधी यायचे नाहीत. बाजेच्या कोपऱ्यावर टेकले, चहा घेतला.

"अप्पा, तुम्ही मोठे. मंडळाच्या शुक्रवारच्या सभेत तुम्हीच बोला. दोन्ही बाजू मांडा, अगदी तुमच्या पद्धतीने. लोकांना ऐकू द्या."

ते गेल्यावर मी म्हणालो, "अप्पा, हा माणूस गोड बोलला, म्हणजे काहीतरी झाकतोय. हे तुम्हीच शिकवलंय मला."

"बलावना शे ते जावानं," अप्पा म्हणाले. "खुर्ची तेवढी गाडीमा टाक."

मी खुर्ची घेऊनच गेलो. लिलावाच्या शेडमध्ये सभा होती. अध्यक्षांच्या माणसाने खुर्ची दारातच अडवली. वर सोफा ठेवलाय, माईक आहे, ही गंजकी खुर्ची कशाला? अध्यक्ष हसून म्हणाले, "अप्पा, माईकवर उभ्यानेच बोला, मागच्यांना दिसाल." अप्पा माझ्याकडे बघून म्हणाले, राहू दे. खुर्ची बाहेर भिंतीला टेकवून ठेवली.

अप्पा माईकवर गेले. सभेत ते शुद्ध मराठीत बोलायचे. म्हणाले, "आधी मी कॉलनीतल्या लोकांचं म्हणणं मांडतो. मी त्यांच्या जागी उभा आहे असं समजा." आणि सुरू झाले. ओट्यावर बोलायचे तसंच, आवाज चढवून. "आमच्या लेकरांच्या छातीत तिखट जातंय. ज्यांना धंदा करायचा असेल त्यांनी गावाबाहेर करावा. ही पथारी उठलीच पाहिजे, आणि उठल्याशिवाय आम्ही गप्प बसणार नाही." शेडमध्ये कुजबूज झाली. मग अप्पा थांबले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "आता माझं." पुढे अर्धा तास त्यांनी ती बाजू सोडवली. पथारीवर किती घरं जगतात, कॉलनी नंतर आली, मिरची हे गावाचं नाव आहे, आणि तरी अंगणवाडीचा मुद्दा खरा आहे, आणि त्यावर ही तोड. टाळ्या पडल्या. अध्यक्षांनीही वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या मोबाईलवर अप्पा होते. 'आमच्या लेकरांच्या छातीत' पासून सुरू, 'गप्प बसणार नाही' पर्यंत. त्याच्या आधीचं एक वाक्य नाही, नंतरचं एक वाक्य नाही. खाली लिहिलं होतं, घरातलाच माणूस कॉलनीला सामील.

तो व्हिडिओ सभेला असलेल्यांसाठी नव्हताच. तो मजुरांच्या, हमालांच्या, गाडीवाल्यांच्या आणि खेड्यातल्या शेतकऱ्यांच्या मोबाईलवर गेला. त्यांच्यातलं कोणी शेडमध्ये नव्हतं. शेडमध्ये होते ते व्यापारी, आणि ते गप्प बसले. तोड रद्द झाली तर त्यांचाही त्रास वाचत होता.

त्या दुपारी बाया पाणी प्यायला आल्या नाहीत. सोनीबाई एकटी आली. ओट्यावर चढली नाही, खाली रस्त्यावरच उभी राहिली.

"अप्पा, आमी तुमचं पाणी प्यायलो. तुमी आमचं काम उठवायला गेले?"

"बाई, ते मन्हं बोलनं नव्हतं. त्या लोकेस्नं व्हतं. मी फक्त सांगी ऱ्हायनू व्हतू."

"तोंड तर तुमचंच होतं," सोनीबाई म्हणाली, आणि गेली.

अप्पा किती तरी वेळ तिच्या पाठीकडे बघत होते. मी सांगायला धावलो, तर बाया म्हणाल्या, शेठ, तुम्ही त्यांच्याच घरात दुकान मांडलेले. हमालांनी तेच सांगितलं. खेड्यातल्या गिऱ्हाइकांनीही तेच. खरं बोलणारा मी एकटा होतो, आणि मी अप्पांचा माणूस म्हणून माझं कोणी ऐकेना. लोकांना माझं खोटं वाटलं असं नाही. त्यांनी ते ऐकायचंच नाही असं आधी ठरवलं होतं.

मी अध्यक्षांच्या गादीवर गेलो. विचारलं, कोणी कापला?

"अहो, कोणी काढला, कोणी टाकला, मला काय माहीत?" अध्यक्ष म्हणाले. "आणि वाक्य त्यांचंच आहे ना? मी त्यांच्या तोंडात घातलं का?"

मी त्यांची कॉलर धरली. लोकांनी सोडवलं. माल ओळखणं माझं काम आहे. त्या व्हिडिओच्या खालच्या कोपऱ्यात सोफ्याचा हात दिसतो आणि त्यावर अंगठ्या घातलेली बोटं दिसतात. त्या सोफ्यावर कोण बसलं होतं ते अख्ख्या शेडने पाहिलंय. त्यांच्या मागे त्यांचा मुनीम मोबाईल धरून उभा होता, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. त्याने पाण्याच्या घोटाचंसुद्धा चित्रण केलं असेल.

मग मी अप्पांना म्हणालो, पुन्हा बोला, सगळं, मी काढतो व्हिडिओ. ते तयार झाले. खुर्चीवर बसून कॉलनीचं बोलले, बाजेवर येऊन स्वतःचं बोलले. मी तो सगळ्यांना पाठवला. उत्तरं आली. आता सारवासारव करतायत. भाडेकरूने पढवलं. एवढा मोठा व्हिडिओ कोण बघतो.

रांजण मात्र ते रोज भरत राहिले. संध्याकाळी फडकं उचलून बघायचे, पाणी सकाळी होतं तेवढंच असायचं. ते तुळशीला ओतायचे आणि सकाळी नव्याने भरायचे. बाया टँकरवर रांगेत उभ्या राहून पाणी प्यायच्या. येता-जाता ओट्याकडे बघायच्या नाहीत.

हंगाम संपत आला होता तेव्हाची गोष्ट. मी अध्यक्षांना शिव्या देत ओट्यावर येरझारा घालत होतो. अप्पा उठले आणि लोखंडी खुर्चीवर बसले. मला वाटलं, आता कॉलनीचं काही निघालं. पण ते अध्यक्षांचं बोलायला लागले. खालच्या आवाजात, स्वतः अध्यक्ष होऊन. मी हमालीपासून सुरुवात केली. ती पथारी मी दगड वेचून, मुरूम टाकून तयार केली. बाकी सगळ्यांच्या जागा शाबूत राहणार आणि सोडायची ती माझीच, हा कुठला न्याय? तोड काढणाऱ्याचं काय जातं? त्याची शेती आहे, त्याचे मुलगे कर्ते आहेत. अंगणवाडी नंतर आली, माझी पथारी आधी होती. मी भर सभेत नाही म्हटलं असतं तर लेकरांचा वैरी ठरलो असतो. मग मी दुसरं काय करणार होतो?

मी ऐकत होतो आणि मला राग येत होता, कारण त्यातलं बरंच खरं होतं. मीही शून्यातून आलेला माणूस. माझी पथारी कोणी मागितली असती तर मी काय केलं असतं, हा विचार मला नको होता.

अप्पा गुडघ्यांवर हात टेकून उठले. बाजेवर आले. मांडी घातली. मी वाट बघत उभा राहिलो. आता ते अध्यक्षांचं सगळं उसवतील, एक धागा ठेवणार नाहीत. ते रस्त्याकडे बघत बसले. भजीवाल्याने कढई उतरवली, दुकानं बंद व्हायला लागली. अप्पा बोललेच नाहीत. थोड्या वेळाने उठून आत गेले.

चैत्रात ते गेले. आजार असा काही नव्हता. डॉक्टर काय ते म्हणाले, मी लक्ष दिलं नाही. अंत्ययात्रेला घरचे, नातेवाईक, भजीवाला आणि मी. ज्या ओट्यावर बसून अर्ध्या गावाने आपल्या भांडणांची तोड काढून घेतली, त्या ओट्यासमोरून नेताना समोरच्या दुकानांची शटर अर्धी खाली आली, तेवढंच.

मग मंडळाने शोकसभा ठेवली. अध्यक्ष उभे राहिले, डोळ्यांना रुमाल लावला आणि म्हणाले, "अप्पा सगळ्यांच्या बाजू ऐकून घेणारे थोर गृहस्थ होते. पुढे वयोमानाने थोडा तोल गेला, ते आपण विसरून जाऊ." लोकांनी माना डोलावल्या. मी उठून बाहेर आलो. त्या दिवशी मी कॉलर धरली नाही. मृताच्या सभेत तमाशा नको म्हणून.

आता नवा हंगाम सुरू झालाय. अध्यक्षांच्या पथारीवर पोती भरपूर आणि भर दुपारीच भरली जातात. अंगणवाडीच्या खिडक्यांना आतून गोणपाट लावलंय. सोनीबाई या वर्षी आपल्या नातवाला घेऊन आलीय, तो त्याच अंगणवाडीत बसतो. परवा ती मला विचारत होती, शेठ, पोराला इथं आल्यापासून ढास लागलीय, डोंगरात नव्हती. मी तिला सगळं सांगितलं, पुन्हा एकदा. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, तुम्ही म्हणता, पण मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

तिने जे बघितलं ते अध्यक्षांनी दाखवलं तेवढंच.

म्हणून हे लिहितोय, आणि अध्यक्ष, तुम्हाला उद्देशून लिहितोय. 'तो व्हिडिओ आता नाही, फोन बदलला' हे मला सांगू नका. तुम्ही जुनं पोतंसुद्धा फेकत नाही, मी तुम्हाला ओळखतो. पूर्ण भाषण तुमच्या मुनिमाकडे आहे. लिलावाच्या शेडमध्ये ज्या माईकवर अप्पांना उभं केलंत, त्याच माईकसमोर ते लावा, पहिल्या वाक्यापासून. देठ खुडणाऱ्या सगळ्या बायांना त्या दिवशी कामावरून सुट्टी द्या आणि समोर बसवा. लावायचं नसेल तर का लावत नाही ते सोनीबाईला तिच्या तोंडावर सांगा, तिचा नातू मांडीवर असताना. तुमची पथारी तुम्ही कशी उभी केलीत तेही सांगा, ते खरं आहे, मी मध्ये बोलणार नाही. पण त्यानंतर एका म्हाताऱ्याचं बोलणं अर्ध्यात का तोडलंत, त्याचं उत्तर द्या. मी लिलावाला रोज येतो. उत्तर मिळेपर्यंत तुमच्या समोरच उभा राहणार आहे.